पोस्टरपेक्षा रेशनकार्ड मोठं

सप्टेंबर १९३९मध्ये ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि थोड्याच दिवसांत गावोगावच्या भिंतींवर सरकारी पोस्टरं लागली. वर राजमुकुट, खाली ठसठशीत अक्षरांत मजकूर: तुमचं धैर्य, तुमचा आनंदी स्वभाव, तुमचा निर्धार आम्हाला विजय मिळवून देईल. लोकांना स्फुरण चढेल अशी सरकारची अपेक्षा होती. लोकांनी सरळ हिशेब लावला. धैर्य आम्ही दाखवायचं, मरायचं आम्ही, आणि विजय मिळणार वरच्यांना!

याच मालिकेत आणखी एक पोस्टर होतं: शांत राहा आणि आपापलं काम चालू ठेवा. आज ते मगांवर, टी-शर्टांवर, मोबाइलच्या कव्हरांवर दिसतं. बॉम्बवर्षावात न डगमगणाऱ्या ब्रिटिश माणसाची ती निशाणी, असं आपण धरून चालतो. खरं तर ते पोस्टर युद्धकाळात जवळजवळ कुणी पाहिलंच नाही. सुमारे २५ लाख प्रती छापल्या होत्या, मोठ्या संकटासाठी राखून ठेवल्या होत्या. पहिल्या पोस्टरांचा असा फज्जा उडाल्यावर त्या बाहेर काढायची कुणाची छाती झाली नाही, आणि बहुतेक प्रती १९४०मध्ये रद्दीत गेल्या. इंग्लंडच्या उत्तरेला ॲनिक नावाच्या गावात जुन्या पुस्तकांचं एक दुकान आहे. तिथे २०००मध्ये एका खोक्याच्या तळाशी एक प्रत सापडली, आणि तिथून मगांचा धंदा सुरू झाला.

सरकारी प्रचार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गोबेल्स येतो आणि सारखं सारखं बोललेलं खोटं येतं. तो एक प्रकार झाला. पण महायुद्धात प्रचाराचा मोठा भाग शत्रूसाठी नसतोच, तो घरच्या माणसांसाठी असतो. कारण अशा युद्धात सरकारला सामान्य माणसाकडून भलत्याच गोष्टी हव्या असतात. रोज संध्याकाळी खिडक्या काळ्या कापडाने बंद करा. मुलं अनोळखी लोकांकडे पाठवा. साखर कमी खा. रात्रपाळीला कारखान्यात या. ट्राममध्ये बोलताना जपून बोला. यातलं थोडंफार कायद्याच्या धाकाने करून घेता येतं. पण पावणेपाच कोटी लोकांच्या प्रत्येक घरामागे पोलीस उभा करता येत नाही. लोकांनी हे आपणहून करायला हवं असतं. ते करावंसं कधी वाटतं आणि कधी वाटत नाही, हे ब्रिटनच्या उदाहरणात फार स्वच्छ दिसतं.

आधी काय जमलं नाही ते पाहू. सप्टेंबर १९३९च्या पहिल्या तीन दिवसांत सुमारे १५ लाख लोकांना, मुख्यतः शाळकरी मुलांना, शहरांतून खेड्यांत हलवलं. गळ्यात नावाची चिठ्ठी, पाठीवर गॅसचा मुखवटा. व्यवस्था म्हणून हे अचाट काम होतं. पण बॉम्ब पडेचनात, आणि आयांचा जीव राहीना. १९४०चा जानेवारी उजाडेपर्यंत जवळजवळ निम्मी मुलं घरी परतली होती. सरकारने पोस्टर काढलं: झाडाखाली बसलेली आई, आणि तिच्या कानाशी लागून ‘घेऊन जा त्यांना परत’ असं कुजबुजणारा भुताटकीसारखा हिटलर. आपल्या लेकराला जवळ आणू पाहणाऱ्या बाईला हिटलरच्या नादी लागलेली ठरवायचं, ही कल्पना ज्या कुणाला सुचली त्याला घरात मुलं नसावीत.

या स्थलांतराचा एक परिणाम मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. लंडन, लिव्हरपूल, ग्लासगोच्या झोपडपट्ट्यांतली मुलं सुखवस्तू घरांत राहायला गेली. डोक्यात उवा, पायात धड जोडा नाही, कित्येकांना रात्री अंथरुणात लघवी व्हायची. यजमान बायका आधी संतापल्या, मग त्यांतल्या अनेकींना प्रश्न पडला की आपल्याच देशात लेकरं अशी वाढतात कशी? हा प्रश्न पुढे महागात पडला. कुणाला, ते पुढे येईल.

प्रचाराचं काम माहिती मंत्रालयाकडे होतं. लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउस या उंच पांढऱ्या इमारतीत त्याचं बिऱ्हाड होतं. दोन वर्षांच्या आत तिथे चार मंत्री झाले, यावरूनच कारभाराची कल्पना यावी. त्यांतले तिसरे डफ कूपर. त्यांच्या काळात लोकांच्या मनात काय चाललंय हे विचारत सर्वेक्षक दारोदार फिरू लागले, तर वर्तमानपत्रांनी त्यांना ‘कूपरचे चोंबडे’ या अर्थाचं नाव ठेवलं. त्याच १९४०च्या जुलैमध्ये ‘मूक पलटण’ नावाची मोहीम निघाली. अफवा पसरवणाऱ्यांची नमुनेदार सोंगं तयार केली: सगळं ठाऊक असलेले एक महाशय, तोंडाला गळती लागलेल्या एक बाई, सदा सुतकी चेहऱ्याचे एक गृहस्थ. असा कुणी भेटला तर त्याला गप्प करा, प्रसंगी पोलिसांना कळवा, असा संदेश होता. याच सुमाराला निराशेची भाषा बोलल्याबद्दल काही लोकांना दंड झाले, काहींना कैद झाली. लोक खवळले. हुकूमशाहीविरुद्ध लढतोय म्हणता आणि चहाच्या टेबलावर पाळत ठेवता? महिना संपायच्या आत चर्चिलने संसदेत ती मोहीम गुंडाळल्याचं सांगितलं.

तरीही त्या चोंबड्यांचं काम वाया गेलं नाही. मंत्रालयाचा एक विभाग मे १९४०पासून रोज अहवाल लिहीत होता: दुकानांच्या रांगेत काय बोललं जातंय, कोणत्या गावात कसली अफवा आहे, कशावर राग आहे. शिवाय १९३७पासून ‘मास ऑब्झर्व्हेशन’ नावाची खाजगी संस्था होतीच. सामान्य माणसं तिच्यासाठी रोजनिश्या लिहीत, आसपासचं बोलणं टिपून पाठवत. हे अहवाल आज वाचले की एक गोष्ट ठळक दिसते. वाईट बातमीने लोक घाबरायचे, पण बातमीच न मिळाल्याने जास्त घाबरायचे.

लॉर्ड हॉ-हॉचं प्रकरण यातलंच. विल्यम जॉइस नावाचा हा इसम जर्मन रेडिओवरून इंग्रजीत बोलायचा. १९३९-४०च्या हिवाळ्यात त्याला लाखो ब्रिटिश श्रोते होते, कारण बीबीसीच्या बातम्यांत काहीच नसायचं. तो काय बोलतो यापेक्षा तो बोललाच नव्हता अशा गोष्टी त्याच्या नावावर गावभर फिरायच्या. आमच्या टाऊन हॉलचं घड्याळ दहा मिनिटं मागे आहे हेसुद्धा त्याला माहीत आहे म्हणे! असली विधानं त्याने केल्याची नोंद जर्मन रेडिओ ऐकून लिहून घेणाऱ्यांना सापडली नाही. बातमीची जागा रिकामी ठेवली की लोक ती स्वतः भरतात. जॉइसला १९४६मध्ये देशद्रोहाबद्दल फाशी झाली.

यावर बीबीसीने काढलेला उपाय साधा होता. जास्त बातम्या द्यायच्या, शक्य तितक्या खऱ्या द्यायच्या, आणि हार झाली तर हार झाली म्हणायचं. शत्रूने खोटं केंद्र चालवलं तर ओळखू यावं म्हणून १९४०पासून निवेदक आपलं नावही सांगू लागले. आवाजाला नाव आलं आणि लोक त्या नावावर विश्वास ठेवू लागले. १९४१मध्ये तर विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशायरच्या माणसाला त्याच्या गावरान हेलासकट राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवलं. कित्येकांना ते मुळीच रुचलं नाही. पुण्याच्या प्रमाण मराठीची सवय झालेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता चर्चिल. १० मे १९४०ला तो पंतप्रधान झाला. तीन दिवसांनी संसदेत तो म्हणाला की माझ्यापाशी द्यायला रक्त, कष्ट, अश्रू आणि घाम यांखेरीज काही नाही. ४ जूनचं भाषण डंकर्कनंतरचं. फ्रान्सच्या या किनाऱ्यावर जर्मनांनी कोंडलेले तीन लाख अडतीस हजार सैनिक समुद्रमार्गे सुटून आले होते आणि देशात जल्लोष चालला होता. तेव्हा त्याने बजावलं की या सुटकेला विजय समजू नका, सैन्य माघारी आणून युद्धं जिंकली जात नाहीत. एक गंमत अशी की हे भाषण त्या दिवशी त्याच्या आवाजात कुणी घरी ऐकलंच नाही. ते संसदेत झालं, आणि रात्री बीबीसीच्या निवेदकाने त्यातले उतारे वाचून दाखवले. किनाऱ्यांवर लढू, शेतांत लढू, हे आज आपण ऐकतो ते ध्वनिमुद्रण १९४९चं आहे.

त्याचं खरं बळ शब्दांच्या फुलोऱ्यात नव्हतं असं मला वाटतं. परिस्थिती वाईट आहे हे तो आधी सांगायचा, त्यामुळे पुढची आशा खपून जायची. पण यावरून त्याला सत्यवचनी ठरवायची घाई नको. १७ जून १९४०ला फ्रान्सच्या सँ-नाझेर बंदराबाहेर ‘लँकास्ट्रिया’ हे जहाज जर्मन विमानांनी बुडवलं. माघारी येणारे सैनिक आणि नागरिक त्यात खच्चून भरले होते. किमान तीन हजार माणसं गेली. त्याच दिवशी फ्रान्सने तहाची याचना केली होती. चर्चिलने बातमी छापायला मनाई केली. आजच्यापुरत्या वर्तमानपत्रांना पुरेशा आपत्ती मिळाल्या आहेत, असं त्याचं म्हणणं. पुढे ती बंदी उठवायची राहूनच गेली, असं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. जुलैच्या अखेरीस अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात बातमी आली, तेव्हा कुठे ब्रिटनमधल्या अनेक कुटुंबांना कळलं. म्हणजे एकूण चित्र खरं सांगायचं आणि अंगावर येणारा तपशील झाकायचा, अशी ती रीत होती.

७ सप्टेंबर १९४०ला लंडनवर खरा मारा सुरू झाला. पुढचे जवळजवळ दोन महिने क्वचित एखादी रात्र सुटली असेल. पहिला घाव गोद्यांवर आणि त्यांच्याभोवती दाटीने राहणाऱ्या ईस्ट एंडच्या गरिबांवर पडला. कॅनिंग टाउनमध्ये घरं गमावलेली कुटुंबं एका शाळेत आसऱ्याला बसली होती. बस येतील, तुम्हाला हलवतील, असं त्यांना सांगितलं होतं. बस आल्या नाहीत. १० सप्टेंबरच्या पहाटे शाळेवर बॉम्ब पडला. सरकारी आकडा ७७. तो तिथल्या लोकांना आजही पटत नाही, ते काहीशे म्हणतात. ‘लंडन हसतमुखाने सोसतंय’ अशा मथळ्यांच्या दिवसांत ईस्ट एंड आतून धुमसत होता. पाहणीला आलेल्या राजाराणीची हुर्यो झाल्याची नोंद खुद्द माहिती मंत्रालयातल्या हॅरल्ड निकल्सन यांच्या रोजनिशीत आहे. १३ तारखेला बकिंगहॅम राजवाड्यावर बॉम्ब पडले, तेव्हा राणीने म्हटलेलं वाक्य प्रसिद्ध आहे: बरं झालं आमच्यावरही पडले, आता ईस्ट एंडच्या नजरेला नजर देता येईल.

निवाऱ्यासाठी लोक भुयारी रेल्वेत शिरले, तेही सरकारची सुरुवातीची मनाई मोडून. स्वस्तातलं तिकीट काढायचं, खाली उतरायचं आणि वर यायचंच नाही. सप्टेंबरअखेर एका रात्री १ लाख ७७ हजार माणसं फलाटांवर झोपलेली मोजली गेली. सरकारने मग मनाई गुंडाळली, खाटा आणल्या, संडास बांधले, चहाची सोय केली, आणि पुढे त्याच फलाटांची छायाचित्रं राष्ट्रीय एकजुटीचा पुरावा म्हणून जगभर मिरवली. नागरिकांनी दांडगाईने मिळवलेली गोष्ट प्रचाराने नंतर आपल्या खात्यावर जमा केली.

आता खाण्याकडे येऊ. माझ्या मते युद्धकाळातला सगळ्यात प्रभावी सरकारी प्रचार कुठल्याही पोस्टरवर नव्हता, तो रेशनच्या पुस्तकात होता. ब्रिटन आपल्या अन्नाचा मोठा भाग जहाजांनी आणायचा आणि जर्मन पाणबुड्या ती जहाजं बुडवत होत्या. ८ जानेवारी १९४०पासून लोणी, साखर आणि बेकनवर रेशन आलं, मग मांस, चहा, चीज असं वाढत गेलं. प्रमाण वेळोवेळी बदलायचं, पण साधारण आठवड्याला माणशी ५५ ग्रॅम लोणी, सव्वादोनशे ग्रॅम साखर, ५५ ग्रॅम चहा आणि मिळालं तर एक अंडं. आठवड्याला ५५ ग्रॅम चहा! आपल्याकडे एवढ्यात एखादं घर दोन दिवस तरी काढेल का, सांगता येत नाही.

अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन हा राजकारणी नव्हे, मोठ्या दुकानांच्या साखळीचा चालक. गिऱ्हाईक कशावर भडकतं हे त्याला ठाऊक होतं: टंचाईवर कमी आणि शेजाऱ्याला जास्त मिळण्यावर जास्त. म्हणून प्रत्येक माणसाने एका ठरावीक दुकानदाराकडे नाव नोंदवायचं आणि दुकानदाराला तेवढ्याच नावांचा माल द्यायचा. गरोदर बाया आणि पाच वर्षांखालच्या मुलांना हिरवं पुस्तक, त्यावर दूध, संत्र्याचा रस, कॉड माशाचं तेल. डबाबंद मालासाठी डिसेंबर १९४१पासून गुणांची पद्धत आली, म्हणजे काय घ्यायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. पाव आणि बटाटे युद्ध संपेपर्यंत रेशनबाहेर ठेवले, पोट भरायला काहीतरी मोकळं हवं म्हणून. राजवाड्यातही रेशनच. ऑक्टोबर १९४२मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट पाहुण्या आल्या, तेव्हा सोन्याचांदीच्या ताटांत त्यांना बेताचंच जेवण वाढलं गेलं आणि न्हाणीघराच्या टबला किती पाणी भरायचं त्याची रेघ मारलेली होती.

भोकं होतीच. हॉटेलात जेवायला रेशन लागत नसे, त्यामुळे पैसेवाल्यांची चंगळ चालायची. लोकांनी कटकट केली आणि १९४२मध्ये एका जेवणाला पाच शिलिंगांची मर्यादा आली. ती चुकवायच्या वाटाही निघाल्या. काळाबाजार होता, काउंटरखालून माल मिळायचा. पण युद्ध संपताना ब्रिटनमधला बालमृत्यूचा दर युद्धाआधीपेक्षा कमी झाला होता. गरिबांच्या कित्येक मुलांना आयुष्यात पहिल्यांदा नियमित दूध मिळालं होतं. हे पटवायला पोस्टर लागत नाही.

खोट्या गोष्टीही होत्या, पण त्या गमतीच्या अंगाने जायच्या. रात्री जर्मन विमानं टिपणारा वैमानिक जॉन कनिंगहॅम गाजरं खाऊन अंधारात पाहतो, अशी हूल उठवली. खरं कारण विमानात बसवलेलं रडार होतं. जर्मनांना ते पटलं असेल असं वाटत नाही, पण ब्रिटिश बायकांनी पोरांना गाजरं चारली आणि जादा पिकलेली गाजरं खपली. आपल्याकडे आजही गाजराने नजर तेज होते म्हणतात, त्या समजुतीला या प्रचाराचाही थोडा हातभार आहे. जुलै १९४०मध्ये विमान उत्पादनाचा मंत्री लॉर्ड बीव्हरब्रुकने घरातली ॲल्युमिनियमची भांडी मागितली, त्यांची लढाऊ विमानं करू म्हणून. डोंगर जमले. त्याच वेळी दुकानांत ॲल्युमिनियमची नवी भांडी विकायला होती. भांड्यांपेक्षा, प्रत्येक घराने काहीतरी दिलं याचा उपयोग जास्त झाला असावा.

हे सगळं वाचताना भारतीय माणसाला एक खटका लागतोच. सरकार तेच, पंतप्रधान तोच, मग १९४३मध्ये बंगालमध्ये काय झालं? जपानी येतील या भीतीने सरकारने किनारी भागातल्या नावा काढून घेतल्या, ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला, भाव गगनाला भिडले. कलकत्त्यात युद्धासाठी गरजेच्या कामगारांना धान्य मिळेल अशी सोय केली. खेड्यांतला मजूर त्या यादीत नव्हता. इथून मागितलं तेवढं धान्य लंडनच्या मंत्रिमंडळाने पाठवलं नाही. वीस ते तीस लाखांच्या घरात माणसं मेली. दुष्काळ अधिकृतपणे जाहीरही केला नाही. ऑगस्टमध्ये ‘द स्टेट्समन’चे इंग्रज संपादक इयन स्टीफन्स यांनी रस्त्यांवर मरून पडलेल्यांची छायाचित्रं छापली, तेव्हा जगाला दिसलं.

मुंबईत १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. कापूस आणि सुमारे चौदाशे टन दारूगोळा एकाच जहाजात भरलेला. शेकडो माणसं ठार, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण. शहरात जपानी हल्ला झाल्याची अफवा उठली आणि लोक गाड्या पकडून बाहेर पडू लागले. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्या दिवशी सविस्तर बातमी दिली; इथल्या सेन्सॉरने ती मोकळी करायला मे उजाडला. लॉर्ड हॉ-हॉच्या प्रकरणात लंडनला जे कळलं होतं ते मुंबईपर्यंत आलंच नाही. ब्रिटनमधल्या माणसाचं मन सरकार रोज तपासायचं कारण त्याच्या हातात मत होतं. इथे राष्ट्रसभेचे, म्हणजे काँग्रेसचे, नेते ऑगस्ट १९४२पासून तुरुंगात होते, आणि खरं काय चाललंय ते कळावं म्हणून तेव्हा मुंबईत लोक उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांचा गुप्त काँग्रेस रेडिओ ऐकत होते. तोही १९४२च्या नोव्हेंबरातच पकडला गेला.

ब्रिटनमध्ये ते मत शेवटी वापरलं गेलं. १ डिसेंबर १९४२ला विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक विम्यावरचा सरकारी अहवाल आला. असली रटाळ सरकारी पुस्तिका लोकांनी रांगा लावून घेतली, सहा लाखांवर प्रती गेल्या. आजारपण, बेकारी, म्हातारपण यांत सगळ्यांना सारखा आधार, ही कल्पना त्यांना नवी वाटली नाही. रेशनच्या दुकानात ती त्यांनी रोज पाहिली होती, आणि खेड्यांतल्या यजमान बायकांनी उवांनी भरलेल्या डोक्यांत तिची गरजही पाहिली होती. चर्चिलने हात आखडता घेतला. सैनिकांसाठी काढलेला त्या अहवालाचा सारांशही मागे घेण्यात आला. जून १९४५च्या प्रचारात तो रेडिओवर म्हणाला की मजूर पक्षाला आपला कार्यक्रम राबवायला गेस्टापोसारखं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांसारखं, काहीतरी लागेल. ज्या मजूर नेत्यांनी पाच वर्षं त्याच्याच मंत्रिमंडळात घरची आघाडी सांभाळली, त्यांच्याबद्दल हे! त्याची स्वतःची लोकप्रियता तेव्हाही ऐंशी टक्क्यांच्या वर होती. २६ जुलैला निकाल लागले. मजूर पक्ष ३९३ जागा, चर्चिल घरी.

पुढचा भाग मजेशीर आहे. युद्धातही कधी नव्हतं ते रेशन पावावर आलं, जुलै १९४६मध्ये, मजूर सरकारच्या काळात. शत्रू उरला नव्हता आणि रांग तशीच होती. ज्या गृहिणींनी सहा वर्षं निमूटपणे कूपनं कापली त्या आता मोर्चे काढू लागल्या. चर्चिलचा हुजूर पक्ष रेशन संपवण्याचं आश्वासन देत १९५१मध्ये परत आला, आणि ४ जुलै १९५४ला मांसावरचं शेवटचं रेशन उठलं. त्या सगळ्या काळात पक्षाचा अध्यक्ष होता लॉर्ड वुल्टन.